महिन्याचं बिल कोण भरणार?



ज्यांना आज बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडदे ओढले, खुर्च्या लावल्या, माइक सांभाळले त्यांचंही तितकंच.

विद्यार्थ्यांनो, दुपारी तुमचं प्रकल्प-प्रदर्शन पाहिलं. काम चांगलं आहे, हे मी उपचार म्हणून म्हणत नाही. प्रत्येक गटाला मी एकच प्रश्न विचारला: हे चालू ठेवायला महिन्याला किती खर्च येईल? कुणाकडेच उत्तर नव्हतं. तुमचा दोष नाही. कॉलेजात सर्व्हर फुकटच्या क्रेडिटवर चालतो, बिल हातात पडतच नाही. म्हणून आज त्या बिलाबद्दलच बोलणार आहे.

मी खासगी क्लासेससाठी हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर चालवते. तेच उदाहरण घेऊ, आकडे मात्र हिशेबाला सोपे धरते. समजा तुमच्याकडे २०० क्लासेस आहेत आणि प्रत्येक क्लास महिन्याला ५०० रुपये देतो. म्हणजे १ लाख रुपये जमा.

सगळ्यांना आधी भीती वाटते सर्व्हरची. पण एवढ्या कामाला दोन जीबी मेमरीचा एक सर्व्हर पुरतो. डिजिटलओशनसारख्या कंपनीकडे तो महिना १२ डॉलरला मिळतो, हजार रुपयांच्या थोडं वर. सर्व्हर चालवणारी लिनक्स ही प्रणाली फुकट. पोस्टग्रेस हा डेटाबेस १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाला, तोही फुकट. वेबसाइट सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राला पूर्वी दरवर्षी पैसे मोजावे लागत; २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते मोफत देते. जगभरातल्या अनोळखी माणसांनी आपल्यासाठी हे करून ठेवलं आहे, त्यांचे उपकार विसरू नका.

आता एसएमएसकडे या. प्रत्येक क्लासमध्ये १०० मुलं आणि महिन्याला २६ दिवस. तुम्ही ठरवलं की मूल क्लासला पोचलं की पालकांना एसएमएस जाईल. पालक खूश, क्लासचे सर खूश. एका क्लासचे २,६०० एसएमएस झाले, २०० क्लासेसचे ५ लाख २० हजार. एका एसएमएसला १५ पैसे धरा. ७८ हजार रुपये! त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. एका लाखातले ९२ हजार एका सोयीत गेले. तीच सोय फक्त गैरहजर मुलांपुरती ठेवा. रोज दहा मुलं गैरहजर धरली तर खर्च ७,८०० रुपयांवर येतो, करासह ९,२०० च्या आसपास. आणि पालकांना खरी काळजी तर मूल पोचलं नाही याचीच असते. कोडमध्ये हा फरक एका ओळीचा आहे. धंदा तगणार की बुडणार, हे त्या ओळीवर ठरतं.

हे फक्त आपल्यासारख्या छोट्यांचं दुखणं नाही. सिग्नल या मेसेजिंग ॲपने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला खर्च जाहीर केला. सर्व्हरवर वर्षाला २९ लाख डॉलर, आणि नोंदणीच्या वेळी फोन नंबर पडताळायला जे एसएमएस आणि कॉल जातात, त्यांवर ६० लाख डॉलर. दुपटीहून जास्त!

व्हिडिओचंही तसंच. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई केंद्रातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला साधारण ११ सेंट पडतात. १०० मुलांनी रोज अर्ध्या जीबीचं एक लेक्चर पाहिलं, तर २६ दिवसांत १,३०० जीबी जातात. त्या एका क्लासचं बिल दहा हजार रुपयांच्या वर, आणि तो तुम्हाला देतो ५००. म्हणून कुठलीही सोय जोडण्याआधी विचारा: ग्राहक वाढला की हा खर्च वाढतो का, आणि किती पटीनं?

ऑनलाइन पैसे जमा करून देणारा पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, लाखामागे २,३६० रुपये. तो खर्च टळत नाही, पुढे जाऊ.

बॅकअपवर मात्र थांबते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण त्या वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. योगायोगानं कुणीतरी सहा तास आधी एक प्रत काढली होती, म्हणून ते वाचले. तुमच्याकडे २० हजार मुलांच्या फीच्या नोंदी असतील. बॅकअपसाठी वेगळे पैसे ठेवा, आणि दर महिन्याला तो उतरवून, उघडून बघा. यात काटकसर करणाऱ्यानं दुसऱ्याची माहिती सांभाळायला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरहजेरीचे एसएमएस आणि गेटवे यांचा खर्च वजा केला, सर्व्हर आणि बॅकअपला मिळून तीन हजार धरले, तर हातात उरले पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. इथं तरुण मुलं टाळी देतात आणि म्हणतात, नफा झाला! नाही झाला. जून महिन्यात क्लासेसचे प्रवेश सुरू झाले की सकाळपासून फोन वाजतो. तो कोण उचलतं? रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर कोण उठतं? समजा तुम्ही तिघं मित्र आहात, प्रत्येकाला ३५ हजार द्यायचे तर १ लाख ५ हजार लागतात. धंदा दर महिन्याला तोट्यात आहे, आणि तो तोटा तुमचे आई-वडील भरताहेत. स्वतःचा पगार शून्य लिहिलेला हिशेब खोटा असतो. अशी सॉफ्टवेअरं दोन वर्षांत बंद पडतात, आणि एखाद्या गावातल्या सरांचा सगळ्या मुलांचा हिशेब त्यांच्याबरोबर जातो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी ७०० रुपये मागा. ज्याला उपयोग आहे तो देतो, हे मी अनुभवानं सांगते.

प्राचार्य महोदय, प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक प्रकल्प-अहवालात एक पान महिन्याच्या खर्चाचं असावं. १०० ग्राहक असताना किती, १० हजार असताना किती, आणि काम करणाऱ्यांचे पगार किती. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्यांनो, तुम्ही मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. आज मांडलेल्या प्रकल्पांचं ते पान याच आठवड्यात लिहा आणि आपल्या सरांना-मॅडमना दाखवा.