बुरशीच्या पेशीतील गुणसूत्रांची वाटणी



पाव फुगवणारे यीस्ट, शिळ्या भाकरीवर उमटणारी बुरशी आणि अशक्त रुग्णाच्या रक्तात शिरणारी कँडिडा ही एकाच कवकसृष्टीची अपत्ये होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ रोगकारक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्यावरील औषधे मोजक्याच प्रकारांची आहेत. कारण बुरशीची पेशी जीवाणूंपेक्षा मानवी पेशीला अधिक जवळची आहे. जे बुरशीला मारील ते रुग्णालाही बाधेल, ही भीती कायम असते. म्हणूनच दोहोंतील सूक्ष्म भेद शोधणे अगत्याचे ठरते.

बेंगळुरूच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कौस्तुव सन्याल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच शोध घेतला. पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकेक प्रत दोन्ही पेशींना मिळावी लागते. त्यासाठी गुणसूत्रावर एक जागा असते, तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. तेथे प्रथिनांची रचना उभी राहते व तर्कुतंतू तिला धरून गुणसूत्र ओढतात.

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये ही जागा डीएनएच्या सुमारे सव्वाशे अक्षरांनी ठरते. कँडिडा अल्बिकन्समध्येही तसेच असावे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु २००४ मध्ये सन्याल, मेरी बॉम आणि जॉन कार्बन यांनी दाखवले, की तिच्या आठही गुणसूत्रांवरील हे अनुक्रम परस्परांहून भिन्न आहेत. पुढे असेही आढळले, की तोच डीएनए बाहेरून पेशीत सोडल्यास तो गुणसूत्रबिंदूचे काम करीत नाही; आणि मूळ जागा काढून टाकल्यास शेजारीच नवी जागा तयार होते. म्हणजे हा वारसा केवळ अक्षरांत नसून, त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या विशिष्ट प्रथिनांच्या मांडणीत आहे.

मेंदूज्वरास कारणीभूत होणाऱ्या क्रिप्टोकॉकसची रीत आणखी निराळी आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे केंद्रक मातृपेशी आणि अंकुर यांच्यामधील मानेपाशी विभागते. क्रिप्टोकॉकसचे केंद्रक मात्र आधी अंकुरात जाते, तेथे विभागू लागते आणि मग त्याचा एक भाग मातृपेशीत परततो.

या वाटणीत चूक झाली, तर पेशी बहुधा दुर्बळ होते. पण कधी तीच चूक बुरशीच्या पथ्यावर पडते. कँडिडाच्या पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेच्या जादा प्रती तयार झाल्या, की फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे औषध तिला पुरेसे बाधत नाही. रुग्णशय्येवरील औषध निष्प्रभ का ठरले, याचे एक उत्तर असे पेशीविभाजनात सापडते.

या संशोधनातून उद्याच औषध हाती येईल असे नाही. परंतु घाव नेमका कोठे घालावा, हे अशा अभ्यासाखेरीज कळणार नाही. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील पेशीविभाजनाची आकृती गिरवताना एवढे अवश्य ध्यानी ठेवावे, की ती आकृती अद्याप पूर्ण झालेली नाही.