बारीपाड्याची शिदोरी



मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण त्या संधी आपल्या मुलांना आता आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. म्हणून सरांची परवानगी घेऊन मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका पाड्याबद्दल बोलणार आहे.

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेकडे बारीपाडा आहे. वस्ती कोकणा आदिवासींची, घरं जेमतेम शंभर. १९९० च्या सुमारास तिथला डोंगर उजाड झाला होता. विहिरी आटायच्या, माणसं कामासाठी बाहेर पडायची. गावातले चैत्राम पवार एम.कॉम. झाले, पण नोकरीमागे न जाता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने एकत्र बसून नियम केले : कुऱ्हाड चालवली तर दंड, आणि जंगलाची राखण गावानेच करायची. बांध घातले, पाणी मुरलं. चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं, भातानंतर दुसरं पीक निघू लागलं. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली.

पण मला सांगायचं आहे ते ताटाबद्दल.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबाला महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं. ते हवंच, त्याने चूल पेटते. पण त्या पिशवीत भाजी नसते. आदिवासी घरात पावसाळ्यातली ती जागा जंगल भरून काढतं. बारीपाड्यात २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या रांधून आणतात आणि त्यांची माहितीही सांगतात.

ही माहिती साधी नाही. शेवळं आंबट घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. कडूकंद कापून वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाही. कोणता कोंब किती दिवसांचा असताना खुडायचा आणि किती मागे ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येईल, हे त्या बायकांच्या हातात आहे, कागदावर नाही. जंगल गेलं तर हे ज्ञान दोन पिढ्यांत जाईल. आणि ज्ञान गेलं, तर समोर उभं असलेलं जंगलही नुसता पाला होईल.

सोनगीरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या तांबट आळीत हंड्याला ठोका कसा मारायचा हे कोणी पुस्तकात वाचून शिकलं नाही. बापाशेजारी बसून शिकले. मुलगा शेजारी बसायचा थांबला की ती विद्या तिथेच थांबते.

आपल्या शिवारातही तेच चाललंय. ज्वारी-बाजरी मागे पडून कापूस आणि मका आला, तणनाशक आलं. तांदुळजा, घोळ, पाथरी आपल्या आया निंदताना ओटीत भरून आणायच्या. आपली मुलं मेथी-पालकापुढे किती पानं ओळखतात?

मला कोणी म्हणेल, तू इंजिनिअर आहेस, ॲप बनव. बनवता येईल. फोटोवरून पान ओळखता येईल. पण ॲप जंगल राखत नाही, गावाच्या सभेत दंड ठरवत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांचं बियाणं टिकलं, कारण ते दरवर्षी कोणाच्या तरी शेतात पेरलं जातं. आमच्या क्षेत्रात माहितीची दुसरी प्रत जपून ठेवतात. बियाण्याची आणि भाजीची दुसरी प्रत म्हणजे ती लावणारं, रांधणारं दुसरं माणूस.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर सकाळपासून चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर द्याच. पण माझी एक मागणी आहे. दरवर्षी नववीच्या मुलांची एक एस.टी. बारीपाड्याला जाऊ द्या. धुळे, साक्री, पिंपळनेर करत एका दिवसात जाऊन येता येतं. पहिल्या तीन वर्षांचा खर्च मी देते, पुढचा तुम्ही वाटून घ्या. मुलांनी तिथल्या आजींकडून दहा भाज्या शिकाव्यात आणि घरी येऊन एक तरी रांधावी. जमलं तर शाळेच्या कुंपणाशी नागलीचा एक वाफाही करावा.

एवढं ठरवूनच आज जेवायला उठू या.