मलाक्काचें बंदर, वसईची खाडी आणि आमची श्रद्धा
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा देवाचे आभार मानण्याचा दिवस आहे. तसाच तो मागें वळून पाहण्याचाहि दिवस आहे. आमच्या धर्मग्रामांतील मुलांस शाळेंत आणि तरुणांस कामाच्या ठिकाणीं एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: "तुमचा धर्म पोर्तुगिजांनीं तलवारीच्या जोरावर आणला, खरें ना?" हें ऐकून कित्येक जण मान खालीं घालतात, कित्येक उलट वसईच्या किल्ल्याचा अभिमान मिरवितात. आम्हांस या दोन्ही गोष्टी उचित वाटत नाहींत. म्हणून आज या प्रश्नाचा शांत चित्तानें विचार करूं.

आपली उल्हास नदी सह्याद्रींतून उतरून बदलापुराजवळून वाहत येते. अंबरनाथच्या शिवालयापासून येणारी वालधुनी तिला कल्याणाजवळ मिळते. आणि पुढें वसईच्या खाडीनें ती समुद्रास जाते. त्या खाडीच्या मुखाशीं वसईचा किल्ला उभा आहे. आपल्या अंगणांतील पाणी ज्या दारानें समुद्रास जातें, त्या दाराला एके काळीं पोर्तुगिजांचें कुलूप होतें. हें कुलूप घालण्याची विद्या कशी होती, तें समजण्यासाठीं थोडें दूर, मलाया देशाच्या किनाऱ्यावर गेलें पाहिजे.

मलाक्का हें एका चिंचोळ्या सामुद्रधुनीवर वसलेलें बंदर. हिंदुस्थानाकडून येणारीं गलबतें व चीनकडून येणारीं गलबतें तेथें एकत्र येत आणि परतीच्या वाऱ्याची वाट पाहत थांबत. लवंग, जायफळ, चीनचें रेशीम आणि गुजराथचें कापड यांचा तेथें मोठा बाजार भरे. परदेशी व्यापाऱ्यांच्या देखरेखीसाठीं चार शाहबंदर नेमलेले असत. त्यांपैकीं एक केवळ गुजराथ्यांसाठीं होता. १५१० सालीं गोवें जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्क पुढच्याच वर्षीं मलाक्कावर चालून गेला. १५०९ सालीं तेथें गेलेल्या पोर्तुगिजांपैकीं कांहीं माणसें कैदेंत पडलीं होतीं, तें निमित्त झालें. त्याच्यापाशीं सुमारें १,२०० माणसें होतीं. शहराचे दोन भाग जोडणारा नदीवरील पूल हेंच त्या लढाईचें मर्म होतें. जुलै १५११ मध्यें पहिला हल्ला झाला आणि ऑगस्टांत पूल व शहर हातीं आलें. सुलतान महमूदशहा पळाला, शहर लुटलें गेलें आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. पुढें जो किल्ला उभा राहिला, त्यास मशिदीचे व राजघराण्याच्या कबरींचे दगड लागले. लुटीनें भरलेलें 'फ्लोर द ला मार' हें जहाज मात्र परततांना सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालें.

समुद्राचीं मुखें धरावीं आणि सर्वांच्या व्यापारावर जकात बसवावी, ही ती विद्या. आपल्या किनाऱ्यावरहि तीच चालली. १५२१ सालीं चौल येथें त्यांनीं किल्ला बांधण्यास आरंभ केला. १५३३ सालीं नूनो द कुन्या यानें वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली. पुढें हुमायूनच्या स्वारीचें भय पाठीशीं असल्यामुळें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई व तिच्या हाताखालील मुलूख पोर्तुगिजांस दिला. त्या तहांत एक अट होती. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराथच्या गलबतांनीं आधीं वसईस यावें, परवाना घ्यावा आणि परततांना तेथेंच जकात भरावी. बंधूंनो, या अटींत सुवार्तेचा शब्द नाहीं, जकातीचा आहे. तेव्हां तलवार कशासाठीं उपसली गेली, हें त्या अटीवरूनच ओळखावें.

त्याच जहाजांतून धर्मगुरूहि आले, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांनीं शाळा काढल्या, रोग्यांची सेवा केली, हें जसें सत्य, तसेंच राजसत्तेच्या आश्रयानें परधर्मीयांचीं देवस्थानें मोडलीं गेलीं, हेंहि सत्य. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचें लेणें चर्चच्या कामीं घेतलें गेलें. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन सुरू झालें. या गोष्टी लपविण्यानें ख्रिस्ताचा गौरव होत नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं धर्माच्या नांवानें झालेल्या जुलमांबद्दल सर्व जगासमक्ष देवाची क्षमा मागितली. ज्या सिद्धान्ताच्या आधारें युरोपीय राजे परक्या भूमीवर हक्क सांगत, तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नव्हे, असें रोमनें ३० मार्च २०२३ रोजीं स्पष्ट जाहीर केलें. किंबहुना त्या काळींहि संतांचें मन वेगळें होतें. संत फ्रान्सिस झेवियर मलाक्कांत व वसईंत वावरले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीविषयीं त्यांनीं आपल्या पत्रांतून तीव्र दुःख व्यक्त केलें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पोर्तुगीज येण्यापूर्वीं या भूमींत ख्रिस्ताचें नांव नव्हतें काय? सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें लिहून ठेविलें आहे कीं, 'कल्लियाना' येथें इराणांत अभिषेक झालेला बिशप आहे. पुष्कळ पंडित या स्थळास आपलें कल्याणच मानतात. म्हणजे मलाक्काच्या विजयापूर्वीं सुमारें साडेनऊशें वर्षें, येथून हाकेच्या अंतरावर, ख्रिस्ती उपासना चालू होती. १३२१ सालीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन साधूंनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्यांच्यामागून आलेल्या ओदोरिक नांवाच्या साधूनें तेथें नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें असल्याचें नमूद केलें आहे. त्या पंधरा घरांपाशीं किल्ला नव्हता, तोफ नव्हती.

तसेंच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें. यांचा जन्म १५५७ सालचा. पिता पोर्तुगीज, माता वसईची. पूर्वेच्या समुद्रावरून ते जपानांत गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर मरण पावले. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. त्या टेकडीवर त्यांच्या पाठीशीं कोणाचें आरमार उभें नव्हतें.

आणि कुलूप निघाल्यावर काय झालें? १६४१ सालीं डचांनीं मलाक्का घेतलें आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. तरीहि श्रद्धा मेली नाहीं. १७१० सालीं तेथें संत पेत्राचें चर्च उभें राहिलें आणि त्या लोकांचे वंशज आजहि मलाक्कांत आहेत. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. तहांत ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली. पोर्तुगीज सरदार व युरोपीय साधू निघून गेले. उरले ते शेतकरी, कोळी, सुतार आणि त्यांची सेवा करणारे एतद्देशीय धर्मगुरू. राज्य गेलें म्हणून धर्म गेला असता, तर तो राज्याचाच होता असें म्हणतां आलें असतें. परंतु सायंकाळची जपमाळ थांबली नाहीं. मराठ्यांच्या राज्यांत मराठी बोलणाऱ्या मातांनीं ती आपल्या लेकरांच्या हातीं दिली.

आमचा हा धर्मग्राम तर कोणत्याच किल्ल्याच्या छायेंत जन्मला नाहीं. येथें माणसें आलीं तीं आगगाडीनें आणि पोटासाठीं: अंबरनाथच्या आगपेटीच्या व आयुधांच्या कारखान्यांत, रेल्वेंत, इस्पितळांत, शाळांत. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे, कोणी तामीळ देशचे. शेजारीं कल्याण कँपांत १९४७ नंतर घरदार सोडून आलेले सिंधी बांधव राहिले. त्याच वस्तीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. आपण सर्वच येथें आसरा मागणारे होतों. कोणीहि कोणास जिंकलें नाहीं.

म्हणून मुलांनो, पुन्हां कोणी तो प्रश्न विचारील, तेव्हां रागावूं नका व लाजूंहि नका. नम्रपणें सांगा: किल्ला पोर्तुगिजांचा होता, तो पडला; त्यांच्या हातून अन्याय झाले, ते आम्हांस मान्य आहेत; परंतु आमची श्रद्धा त्या किल्ल्याहून जुनी आहे आणि त्याच्या पडण्यानंतरहि जिवंत आहे. आणि हें उत्तर केवळ तोंडानें देऊं नका. आजारी शेजाऱ्याच्या उशाशीं बसून, व्यवहारांत वजन-माप खरें ठेवून, दुसऱ्याच्या देवळापुढें आदरानें वागून तें द्या. ज्या धर्मास शेजाऱ्याचें प्रेम मिळालें आहे, त्यास तटबंदीची गरज उरत नाहीं.

प्रभु येशू ख्रिस्त आपल्या या धर्मग्रामास आणि या तिन्ही नगरांतील सर्व शेजाऱ्यांस शांति देवो. आमेन.