कारखान्याची शिस्त घरच्या टेबलावर



पिंपरी-भोसरीचा कामगार पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणतो आणि रात्री घरी अ‍ॅम्प्लिफायर जुळवतो. या हौसेचे आम्हांला कौतुकच आहे. पण कारखान्यात मेन स्विच पाडून ‘काम चालू आहे’ ही पाटी टांगल्याशिवाय यंत्राला हात न लावणारा हा गडी घरी नुसता प्लग काढून निर्धास्त होतो! 1948 चा कारखाने कायदा फाटकापर्यंतचाच होता. घरी फोरमनही नसतो. व्हॉल्व्हच्या सेटात 250 व्होल्टचा ए.सी. रेक्टिफायरमधून गेला की कंडेन्सरवर साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते तेथे दबा धरून असतात. रेझिस्टन्समधून ते उतरवावेत, मीटर लावून पाहावे, मगच हात घालावा.

कंडेन्सर उलटा जोडला तर फुटतो, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर स्पीकरची कॉइल जळते. ही हानी पैशांत मोजता येते. परंतु स्पीकर घुमतो म्हणून अर्थिंगची तारच तोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. घुमणे थांबते खरे. पण पुढे कधी मेनची तार आतून पत्र्याला टेकली, तर सारी पेटी 230 व्होल्टची होते, आणि तिच्यावरची धूळ पुसायला येते ती घरातली बाई. घुमण्यावर उपाय निराळा आहे: आतल्या ग्राउंडच्या तारा एकाच ठिकाणी आणून जोडाव्यात, पेटीच्या अर्थिंगला हात लावू नये.