शेल वायू आणि राष्ट्राने दिलेला शब्द

इब्रामपूरच्या जांभ्याखाली शेल वायू मिळावयाचा नाही. गोव्याची भूमी त्या जातीची नव्हे. तरीही पेडणे तालुक्याच्या टोकावरील या गावाने त्याचा विचार करावा, कारण हा वायू कोकणच्या किनाऱ्याला केव्हाच लागला आहे. ३० मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील सबीन पास येथून द्रवरूप वायू घेऊन आलेले जहाज दाभोळला पोहोचले. आणि अमेरिकेतील बहुतेक नैसर्गिक वायू आज शेल खडक फोडूनच निघतो. दाभोळ-बंगळूर नळवाहिनीची एक शाखा गोव्यात उतरते. नळातल्या वायूवर जन्मगावाचा शिक्का नसतो, एवढेच.

शेल म्हणजे दडपलेल्या चिखलाचा खडक. त्यात अडकलेला वायू सुटावा म्हणून पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडतात. एका विहिरीला कोटीभर लिटर पाणी सहज लागते. तिळारीच्या कालव्याकडे डोळे लावणाऱ्या बागाईतदाराला हा आकडा समजावून सांगण्याची गरज नाही.

भारताने जगाला दोन शब्द दिले आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे हवेत जाणारे दूषित वायू २००५ च्या मानाने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवावयाचे, हा २०२२ मधील शब्द. आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, हा २०२१ मध्ये ग्लासगोला दिलेला. पहिल्यात वायूला जागा आहे, कारण वीज करताना तो कोळशाच्या सुमारे निम्माच कार्बन डायॉक्साइड सोडतो. परंतु न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात त्याच्या ऐंशी पट उष्णता धरतो. टेक्सासच्या विहिरीतील गळती अमेरिकेच्या खात्यावर पडते. खंबायतच्या खोऱ्यात विहिरी खोदल्या तर ती भारताच्या खात्यावर पडेल. जंबुसर येथे २०१३ मध्ये अशी शोधविहीर खोदली गेली. त्यातून मोठे उत्पादन मात्र उभे राहिले नाही.

तेव्हा खरा प्रश्न हा, की वायू कोणाची जागा घेणार? सांकवाळच्या खतकारखान्यात त्याने नाफ्थ्याची जागा घेतली, हे ठीकच झाले. कोळशाची भट्टी खरोखर विझत असेल आणि गळती प्रामाणिकपणे मोजली जात असेल, तर काही वर्षे त्याचा उपयोग मान्य करता येईल. पण सूर्याच्या विजेला डावलून तो येणार असेल, तर दुसरा शब्द मोडतो. कारण २०४० मध्ये तीस वर्षांच्या कर्जावर टाकलेली नळवाहिनी आपले कर्ज २०७० मध्ये फेडीत असेल.