रुतलेला सुळा : वेळीच ओळख, वेळीच उपाय



सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांची काही मुले येथील महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात, तर काही धुळे, नंदुरबार, जळगावकडील गावी आजीआजोबांजवळ असतात. मूल कोठेही असो, आठ ते बारा या वयात त्याच्या वरच्या सुळ्यांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

कायमचे दात साधारणतः सहाव्या वर्षापासून येऊ लागतात. वरचा सुळा मात्र अकराव्या-बाराव्या वर्षी उगवतो. त्याचा अंकुर जबड्यात उंचावर असल्याने त्यास लांबचा प्रवास करावा लागतो. या प्रवासात वाट चुकल्यास तो बहुधा टाळूकडे वळतो व हाडातच रुतून बसतो. शंभरांत सुमारे दोघांच्या बाबतीत असे घडते. असा दात सहसा दुखत नाही, हाच खरा धोका होय. शेजारच्या पुढील दाताचे मूळ तो मुकाट्याने झिजवू शकतो आणि तो दात हलू लागेपर्यंत घरात कोणास पत्ताही लागत नाही.

ओळखावे कसे? दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, गालाच्या बाजूने हिरडीवर स्वच्छ बोट फिरविल्यास येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा लागतो. तो न लागल्यास, एकाच बाजूस लागल्यास, अथवा एका बाजूचा सुळा उगवूनही दुसऱ्या बाजूचा दुधाचा सुळा हलत नसल्यास मुलास दंतवैद्याकडे न्यावे.

पुढचे काम क्ष-किरणांचे. राँटजेन यांनी १८९५ मध्ये हा शोध लावला. १८९६ च्या आरंभी जर्मनीत दातांचे पहिले छायाचित्र घेतले गेले, तेव्हा २५ मिनिटे लागली होती. आज त्यास काही क्षण पुरतात व किरणांची मात्राही अत्यल्प असते. तरीही सरसकट प्रत्येक मुलाचे छायाचित्र काढू नये. तपासणीत शंका आली तरच काढावे. दोन निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून सुळा टाळूकडे आहे की गालाकडे, हे समजते.

निदान लवकर झाल्यास उपाय सोपा असतो. १९८८ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन व कुरोल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे काढल्यावर टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांनी आपली योग्य वाट धरली. विलंब झाल्यास शस्त्रक्रिया, दीर्घकाळ तारा, खर्च आणि बुडणारी मजुरी हे सारे ओढवते.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून मुलांची तपासणी होते व तीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. शिक्षकांनी त्या दिवशी अशा मुलांकडे पथकाचे आवर्जून लक्ष वेधावे. कुटुंब गाव बदलणार असेल, तर शाळेच्या दाखल्याबरोबर मुलाचे छायाचित्र व तपासणीचा कागदही जपून न्यावा. गाव बदलले म्हणून उपचार खंडित होता कामा नये.