आधी कोडं, मग सूत्र

आज बोलायचंय ते ओवे, खारघर, पनवेल भागातल्या पालकांशी आणि शिक्षकांशी. अर्थात इतरांनीही ऐकावं.

आपल्याकडे गणिताच्या तासाचा क्रम ठरलेला: फळ्यावर सूत्र, दोन नमुना उदाहरणं, मग उदाहरणसंग्रह. वेळ उरलाच तर एखादं कोडं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. मुलांना कोडं आधी द्या.

बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. या मार्गावर ११ स्थानकं आहेत. मुलांना विचारा, प्रत्येक तिकिटावर 'कुठून' आणि 'कुठे' छापायचं, तर एकूण किती वेगवेगळी तिकिटं लागतील? कुणी २२ म्हणेल, कुणी ११ गुणिले ११ म्हणजे १२१. लगेच 'चूक' म्हणू नका. फक्त विचारा, "बेलापूरहून बेलापूरचं तिकीट काढशील का रे?" १२१ म्हणणारा स्वतःच ११ वजा करून ११० वर येईल. कुणी गोंधळली असेल तर तिला तीनच स्थानकं काढायला सांगा. तिकिटं ६. चार स्थानकांना १२, पाचांना २०. इथवर आली की पुढची वाट तिची तिला दिसू लागते. तिसरं कुणी फक्त एका दिशेची तिकिटं मोजेल: पहिल्या स्थानकावरून १०, दुसऱ्यावरून ९, असं करत शेवटी १. बेरीज ५५, परतीची धरून ११०. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की वर्गात जी चर्चा रंगते, ती रंगू द्या. दहावीत अंकगणिती श्रेढीची बेरीज शिकताना हीच मुलं सूत्राकडे ओळखीच्या नजरेनं बघतील.

शिक्षक म्हणतात, "पोर्शन कधी संपवायचा?" अडचण खरी आहे. म्हणूनच कोडं असं निवडावं की सराव त्यातच होऊन जाईल. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला खेळ घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावले की ५४३२, चढत्या क्रमानं २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच करून बघा, ६१७४ च येतात! कुठूनही निघा, फार तर सात फेऱ्यांत इथेच पोहोचता. मात्र शून्य टाकून द्यायचं नाही, ९९९ आले तर ०९९९ लिहायचं.

हातच्याच्या वजाबाक्या एरवी कंटाळत करणारी मुलं इथे पानं भरतात. शिवाय ताळा सोपा: प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करा, तिला ९ नं भाग गेलाच पाहिजे. ३०८७ ची बेरीज १८. भाग गेला नाही, तर कुठेतरी हातचा राहिलाय, तो मूल स्वतः शोधतं. बाईंच्या लाल पेनाची वाट बघावी लागत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पालकांनो, तुमचं गणित कच्चं असलं तरी बिघडत नाही. "कसं काढलंस, मला सांग" एवढं विचारा आणि ऐका. घड्याळ लावू नका, शेजारच्या मुलाशी तुलना नको. अडलं तर संख्या लहान करून बघायला सांगा, तरी अडलं तर कोडं उद्यावर ठेवा. उत्तर मात्र सांगून टाकू नका, कारण ते सांगितलं की मुलाचा विचार तिथेच थांबतो.

हाच खेळ तीन अंकी संख्येवर खेळलात तर ६१७४ ऐवजी दुसरीच एक संख्या मिळते. कोणती, ते आज रात्री मुलांबरोबर बसून काढा. आणि दोन अंकी संख्येचं काय होतं, तेही बघा. तिथे गंमत निराळी आहे.